काकाचा आजार मुलांपासून तरी लपवू नका

आपल्या नात्यागोत्यात एखादा काका असतोच, ज्याच्याबद्दल ‘जरा तापट आहे हो’ एवढंच सांगितलं जातं. त्याला आवाज ऐकू यायचे, दोनदा ॲडमिट करावं लागलं, हे फक्त मोठ्यांना ठाऊक. स्थळं मोडू नयेत म्हणून सगळे गप्प. इतके, की घरच्या मुलांनाही पत्ता नसतो.

हीच मुलं आता अमेरिकेत आहेत. पंचविशीत कुणाला एडीएचडीचं निदान होतं, ॲडरॉल सुरू होतं. हे ॲम्फेटामिन. (आपल्याकडे ते विकलं जात नाही, इथे मिथाइलफेनिडेट देतात.) गोळी लिहिण्याआधी डॉक्टर विचारतात, घरात कुणाला बायपोलर, सायकोसिस, कुणाची आत्महत्या? मुलगा अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो.

हा प्रश्न का विचारतात? २०१९ साली अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून १३ ते २५ वयाच्या सुमारे २ लाख २१ हजार रुग्णांचा अभ्यास झाला. ही औषधं सुरू केलेल्या दर ६६० जणांत साधारण एकाला सायकोसिस झाला. ॲम्फेटामिनवर हे प्रमाण मिथाइलफेनिडेटच्या जवळजवळ दुप्पट. २०२४ मध्ये बॉस्टनजवळच्या मॅकलीन हॉस्पिटलच्या डॉ. लॉरेन मोरन यांच्या गटाने १६ ते ३५ वयाचे रुग्ण तपासले. ॲडरॉलच्या हिशेबात दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर डोस असेल, तर सायकोसिस किंवा मेनियाची शक्यता पाचपटीहून जास्त. मिथाइलफेनिडेटच्या बाबतीत अशी वाढ दिसली नाही. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हेही खरं.

म्हणून लगेच ‘गोळ्या म्हणजे विष’ असले फॉरवर्ड फिरवू नका, प्लीज. या औषधांवर कितीतरी जणांची नोकरी आणि संसार उभा आहे. धोका थोड्यांना आहे. पण ते थोडे कोण, हे ओळखायचं तर घरचा इतिहास लागतो, आणि तो आपण कुलपात ठेवलाय.

‘बदनामी होईल’ म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं. डॉक्टरला काकाचं नाव नकोय. ‘वडिलांच्या भावाला होतं’ एवढं पुरतं. सोयरिकीच्या बाजारात काय सांगायचं ते तुम्ही बघा, पण पोटच्या पोरापासून लपवणं मला तरी पटत नाही.

आणि आई-बाबांनो, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का’ बरोबर ‘झोप लागते का, डोस वाढवलाय का’ हेही विचारा. चार रात्री झोप नाही आणि तरी उत्साह उतू जातोय, किंवा रूममेट आपलं बोलणं चोरून ऐकतो असं पोरगं ठामपणे सांगायला लागलं, तर ‘कामाचा ताण असेल’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी त्याला त्याच्या डॉक्टरला फोन करायला लावा. तो ऐकत नसेल तर तिथल्या एखाद्या मित्राला त्याच्याकडे पाठवा. त्या मित्राचा नंबर आत्ताच मागून ठेवा.