चित्रकाराच्या चरितार्थाचा प्रश्न

हैदराबाद संस्थानाच्या जोखडातून मराठवाडा मुक्त झाला त्याला १७ सप्टेंबर २०२३ रोजी ७५ वर्षे पूर्ण झाली. नेमक्या त्याच दिवशी केंद्र सरकारने दिल्लीत पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा प्रारंभ केला. हाताने व हत्याराने काम करणाऱ्या परंपरागत कारागिरांसाठी असलेल्या या योजनेत १८ व्यवसायांना स्थान मिळाले आहे. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, मूर्तिकार, एवढेच नव्हे तर बाहुल्या व खेळणी करणारेही तीत आहेत. पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख आणि पुढे दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन असे तिचे स्वरूप आहे. दुकानांच्या पाट्या रंगविणारा, शाळेच्या भिंती चितारणारा, गावोगावच्या बाजारपेठेत नावापुढे ‘पेंटर’ ही पदवी लावणारा कारागीर मात्र या यादीत नाही. मूर्ती घडविणारा कारागीर ठरतो आणि मूर्तीमागील पडदा रंगविणारा कोणीच ठरत नाही, ही विसंगती केवळ एका योजनेपुरती मर्यादित नाही. चित्रकाराचे काम हा व्यवसाय आहे, असे समाजाने अद्याप मनापासून मानलेले नाही, हे तिचे मूळ आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. मुंबईतील सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, जहांगीर कलादालन १९५२ चे. चित्रांचे ग्राहक, समीक्षक, जाहिरातसंस्था आणि प्रकाशक यांचे जाळे त्या महानगराभोवती शंभर-दीडशे वर्षांत विणले गेले. कोल्हापुराला राजाश्रय लाभला आणि तेथील बाबूराव पेंटरांसारखा कलावंत नाटकांच्या पडद्यांवरून चित्रपटाच्या पडद्यापर्यंत पोहोचला. निजामी अमलाखालील मराठवाड्याच्या वाट्याला असे काही आले नाही. वस्तुतः चित्रकलेचा भारतातील सर्वांत समृद्ध वारसा असलेले अजिंठा याच प्रदेशातले. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येत राहिले. पण त्या वारशातून या भूमीतल्या मुलांसाठी चरितार्थाची वाट काही निघाली नाही.

येथील चित्रकाराने पिढ्यान्‌पिढ्या आपला संसार चालविला तो दोन आधारांवर. पहिला आधार पाट्यांचा. किराणा दुकान, कापड दुकान, दवाखाना, आडत, ट्रॅक्टरची ट्रॉली, जत्रेतील फलक आणि निवडणुकीतील भिंती ही त्याची कामे. या व्यवसायाचे अर्थकारण शेतीशी बांधलेले होते. सोयाबीनला भाव आला की मोंढ्यातली पाटी नवी होई, आणि पीक बुडाले की रंगकामाचा बेत पुढच्या दिवाळीवर जाई. तरीही अक्षरांचे वळण, छायाप्रकाशाची जाण आणि रंगांचे मिश्रण हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे जात राहिले. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवूनच पोट भरले होते. पाटी रंगविणे आणि चित्र काढणे यांत आज मानली जाणारी दरी पूर्वी इतकी रुंद नव्हती.

दुसरा आधार शाळेचा. कलाशिक्षक पदविका मिळवायची, माध्यमिक शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचे चित्र काढायचे, हा मराठवाड्यातील असंख्य कलावंतांचा जीवनक्रम होता. महिन्याच्या पगाराने त्यांना बाजारापासून अभय दिले होते.

हे दोन्ही आधार गेल्या पंचवीस वर्षांत खचले. संगणकावर अक्षरे जुळवून काही मिनिटांत फलक छापून देणारी फ्लेक्सची यंत्रे आली आणि ब्रशने रंगविलेल्या पाटीचा दर व तिला लागणारा वेळ, दोन्ही ग्राहकाला परवडेनासे झाले. शाळांच्या बाबतीत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वेगळाच पेच निर्माण केला. सहावी ते आठवीच्या शाळेत १०० हून अधिक विद्यार्थी असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. म्हणजे कला हा विषय आवश्यक मानला गेला. पण तो शिकविणाऱ्याच्या पूर्णवेळ भाकरीची हमी मात्र उरली नाही. इंटरमिजिएट परीक्षेला विद्यार्थी आजही मोठ्या संख्येने बसतात, कारण तिच्यामुळे दहावीला सवलतीचे वाढीव गुण मिळतात. गुणांच्या शर्यतीचा ‘लातूर पॅटर्न’ साऱ्या राज्याला परिचित आहे. त्या शर्यतीत चित्रकला ही गुणपत्रिकेची शिडी झाली. शिडी चढून झाली की ती भिंतीला टेकून ठेवली जाते आणि मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वर्गात दाखल होतो. याबद्दल त्या मुलाला किंवा त्याच्या पालकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या मार्गाच्या शेवटी उत्पन्न दिसत नाही, त्या मार्गाने पोटच्या पोराला पाठविण्याचे धाडस कोणी करावे?

येथे एक विरोधाभास नजरेआड करून चालणार नाही. लातूर आणि नांदेडच्या रस्त्यांवर आज जितकी चित्रे दिसतात, तितकी पूर्वी कधीही दिसत नव्हती. गुणवंतांच्या छायाचित्रांनी भरलेले शिकवणी वर्गांचे फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा, रुग्णालयांच्या जाहिराती, लग्नपत्रिका, यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी रचलेली असते. म्हणजे चित्राची मागणी आटलेली नाही, तिचा पैसा तेवढा यंत्र, कापड आणि छपाई यांच्याकडे वळला. रचनाकाराचे श्रम छपाईच्या दरातच धरले जातात. त्यातही २०२२ पासून शब्दांवरून चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. ज्या संगणकावरील रचनाकाराने पाटीवाल्याची जागा घेतली, त्याचीच जागा आता डळमळू लागली आहे. केवळ स्वस्ताईच्या बळावर उभा राहिलेला व्यवसाय त्याहून स्वस्त काही आले की कोसळतो, हा धडा येथील बाजारपेठेने एका पिढीत दोनदा घेतला आहे.

मग चित्रकाराने टिकावे कशाच्या बळावर? ‘खऱ्या कलावंताने बाजाराचा विचार करू नये’ हे उत्तर ऐकायला उदात्त असले, तरी ते बहुधा ज्यांचा महिना ठरलेला आहे तेच देतात. मराठी चित्रकलेचा इतिहास वेगळे सांगतो. दीनानाथ दलाल यांनी मुखपृष्ठे व कथाचित्रे ही उपजीविका मानली आणि १९४५ साली ‘दीपावली’ हे स्वतःचे नियतकालिक काढून आपल्या चित्रांना हक्काचे घर मिळवून दिले. रघुवीर मुळगावकरांची चित्रे दिनदर्शिकांमधून घराघरांत पोहोचली. याउलट राजा रविवर्म्यांनी १८९४ साली काढलेला शिळाछापखाना त्यांच्या चित्रांना अफाट लोकप्रियता मिळूनही तोट्यात गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. प्रतिभा असून व्यवहार नसला तर काय होते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

व्यवहार म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबावरून लक्षात यावे. समजा, एका शाळेची २० फूट लांब व १० फूट उंच भिंत रंगवायची आहे. ‘बोलक्या भिंतीं’ची अशी कामे सध्या जिल्ह्यांत बरीच निघतात. चौरस फुटाला ४० रुपये दर ठरला, तर २०० चौरस फुटांचे ८ हजार रुपये होतात. रंग, परांची आणि प्रवास यांत ३ हजार गेले. मदतनिसाला रोज ५०० रुपयांप्रमाणे चार दिवसांचे २ हजार दिले. उरले ३ हजार. चित्रकार म्हणतो, चार दिवसांत ३ हजार मिळाले, वाईट नाही. पण आराखडा काढण्यात गेलेला एक दिवस आणि बिलासाठी घातलेल्या दोन दिवसांच्या खेपा तो मोजीत नाही. सात दिवसांनी भागले, तर त्याच्या वाट्याला रोजचे सुमारे ४२८ रुपये येतात, म्हणजे त्याने ठेवलेल्या मदतनिसाहूनही कमी! ही दरी कलागुणांच्या अभावामुळे पडलेली नाही. आपल्या वेळाला किंमत आहे हे त्याला कोणी शिकविले नाही, म्हणून ती पडली. कलामहाविद्यालयांतून शरीररचना आणि यथार्थदर्शन शिकविले जाते, तसेच दरपत्रक, पावती आणि करार हेही शिकविले गेले पाहिजे.

करारावाचून होणारे नुकसान तर याहून मोठे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या रंगचित्राचा प्रथम हक्क, विरुद्ध करार नसेल तर, ते करवून घेणाऱ्याकडे जातो. याची जाणीव नसल्याने चित्रकार एका कामाचे पैसे घेतो आणि त्याच चित्राच्या पुढील सर्व वापरांवर पाणी सोडतो. हाच कायदा त्याच्या बाजूनेही उभा राहतो. हक्काचे हस्तांतरण लेखी असले पाहिजे, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हक्क दिला तरी चित्रावरील नावाचा आणि चित्राची विटंबना न होऊ देण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प १९७९ साली उखडले गेल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष व पाच लाख रुपयांची भरपाई मिळवून दिली. दोन ओळींचे लेखी पत्र हे येथील तरुण चित्रकाराचे ब्रशइतकेच आवश्यक साधन आहे.

तथापि सारा भार व्यक्तीवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. फ्रान्सने १९५१ पासून शाळांच्या बांधकामखर्चातील एक टक्का रक्कम कलाकृतींसाठी राखण्याची प्रथा पाडली. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदा व महापालिका दरवर्षी इमारती बांधतात. त्यांच्या अंदाजपत्रकात गिलाव्याचा आणि फरशीचा दर असतो, तसा चित्राचाही असावा, एवढीच ही मागणी आहे. सहकाराची परंपरा असलेल्या या भागात चित्रकारांची सहकारी संस्था निघणे अशक्य नाही. चौकटी, छपाई, प्रदर्शन, हिशेब आणि थकलेली बिले यांचा भार एकट्याने वाहण्यापेक्षा दहा जणांनी वाहणे केव्हाही सोपे. लातूरच्या सीमेपलीकडील बीदरच्या बिदरी कामाला २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०२३ मध्ये तेथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी पद्मश्रीने सन्मानित झाले. जी वस्तू त्या मातीचीच आहे, तिला यंत्र सहजासहजी हटवू शकत नाही. होट्टलची मंदिरे, कंधारचा किल्ला, खरोशाची लेणी, घरातील आजोबांचे व्यक्तिचित्र ही येथील चित्रकाराची तशीच स्वतःची भूमी आहे. नयन बाराहाते यांनी नांदेडात राहूनच मराठी ग्रंथांची मुखपृष्ठे केली. मुंबई गाठल्यावाचून चित्रकार होताच येत नाही, हा समज त्यामुळे तरी ढिला व्हावा.

अखेर प्रश्न ग्राहकाचा उरतो, आणि हा ग्राहक कोणी धनिक संग्राहक नव्हे. तो शाळेत आहे, कचेरीत आहे, महाविद्यालयात आहे. निवृत्तीच्या निरोपसमारंभात भिंतीवरचे घड्याळ किंवा कारखान्यातली मूर्ती भेट देण्याची प्रथा आहे. तेवढ्याच वर्गणीत गावातल्या चित्रकाराचे मूळ चित्र देता येते. संमेलनाच्या व्यासपीठावरील पडदा रंगविणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन गौरव होतो, पण मानधनाचा विषय काढणे त्याच्याच सभ्यतेला शोभत नाही असे समजले जाते. फलक लिहिणाऱ्याला पैसे द्यायचे आणि चित्र काढणाऱ्याला ‘तुमची कला आहे, तुम्हाला काय वेळ लागतो’ असे म्हणायचे, हा रिवाज सुशिक्षितांनीच रूढ केला आहे. तो त्यांनीच मोडला पाहिजे. विश्वकर्मा योजनेच्या यादीत एकोणिसावे नाव येईल तेव्हा येवो. गावच्या खर्चाच्या यादीत चित्रकाराचे नाव घालण्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.