बोनेटखालचे दफ्तर

दिवाळीच्या सुटीत राजूरला घरी गेले होते. आमचे राजूर म्हणजे वणी तालुक्यातले कोळशाच्या खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. येथील प्रत्येक वस्तूवर काळी किंवा पांढरी धूळ असतेच. शेजारच्या काकांच्या टिनाच्या शेडमधील जीपवर दोन्ही होत्या. ती पाहायला नागपूरहून एक हौशी संग्राहक आले. त्यांनी बोनेट उघडले, टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत निकाल दिला : "यात ओरिजिनल काही उरलेलं नाही. इंजिनसुद्धा नंतरचं, डिझेलचं. बॉडी घेतो, बाकीचं भंगारात द्या."

आजचा धागा म्हणजे त्या निकालाविरुद्धचे माझे अपील समजावे.

संग्राहकांना एक गोष्ट दिसली नव्हती. गाडीतून उतरवलेले मूळ पेट्रोल इंजिन शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडले होते. ते गेल्यावर काकांचे जुने मिस्त्री आले आणि आम्ही दोघांनी रॉकेल, ब्रश आणि चिंध्या घेऊन ते 'वाचायला' सुरुवात केली. इतिहासाच्या वर्गात आपण कागदाचा पोत, शाई, हस्ताक्षर, शिक्का पाहून दस्तऐवजाचा काळ ठरवतो. ओतीव लोखंडाचेही तसेच असते. फक्त हात काळे होतात.

पहिली खूण हेडची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे 'गो डेव्हिल' इंजिन चार सिलिंडरचे, १३४ घनइंच म्हणजे सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असतात. त्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण, आणि कार्बोरेटर खाली बगलेला. अमेरिकेत १९५३ साली सीजे-३बी जीप आली, तिच्या 'हरिकेन' इंजिनात खालचा भाग बराचसा तोच ठेवून इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले. या रचनेला 'एफ-हेड' म्हणतात. कार्बोरेटर हेडवर चढला, इंजिन उंच झाले, म्हणून बोनेटही उंच करावे लागले. आपल्याकडे जीपवाले 'लो बोनेट' आणि 'हाय बोनेट' असे म्हणतात, त्यामागे ही व्हॉल्व्हची हकिकत आहे. आमच्यासमोरचे इंजिन हाय बोनेटचे, हरिकेन घराण्यातले होते.

दुसरी गोष्ट आकड्यांची, आणि इथे नवशिके हमखास फसतात. ब्लॉकवर उठावाचे जे आकडे असतात ते साच्यातून आलेले. एकाच साच्याच्या हजारो ब्लॉकांवर तेच असणार. त्यांवरून रचना कळते, ते विशिष्ट इंजिन कळत नाही. त्या एका इंजिनाचा क्रमांक थंड लोखंडावर ठोकलेला, म्हणजे खोलगट असतो. विलीज पद्धतीच्या इंजिनांत तो ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, वॉटर पंपामागच्या उंचवट्यावर सापडतो. आरसी बुकाशी ताडून पाहायचा तो हा क्रमांक. तो वाचण्यासाठी पॉलिश पेपर घासू नये. खडू चोळावा, अंक आपोआप उमटतात.

मग जनरेटरच्या पट्टीवरचा एक बोल्ट मिस्त्रींनी बोटाने पुसला. डोक्यावर लफ्फेदार 'एफ' अक्षर. (या एफचा मघाच्या एफ-हेडशी काही संबंध नाही.) युद्धकाळात विलीजच्याच आराखड्यावर फोर्डनेही पावणेतीन लाखांहून अधिक जीप बांधल्या आणि आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, हे अक्षर उमटवले. मिस्त्री सहज म्हणाले, "हा तं मिलिट्रीचा बोल्ट हाये."

युद्धकाळातल्या फोर्डचा बोल्ट त्याच्या नंतरच्या इंजिनावर कसा? युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बाजारात आले. जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी 'डिस्पोजलचा माल' हा शब्द अजून आहे. त्या काळी जीपची निकड एवढी होती, की १९४८ साली सरकारने लष्करासाठी इंग्लंडमधून डागडुजी केलेल्या जीप मागवल्या. त्यांपैकी १५५ येऊन पोहोचल्या आणि त्याही वापरण्याजोग्या निघाल्या नाहीत. स्वतंत्र भारतातले ते पहिल्या गाजलेल्या आर्थिक प्रकरणांपैकी एक. १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड महंमद'मधले भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले, आणि मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीपची जुळणी सुरू झाली. आरंभी पेट्यांतून आलेले भाग जोडायचे एवढेच काम होते. हळूहळू भाग इथेच घडू लागले.

त्या 'हळूहळू'चा पुरावा इंजिनावरच असतो. अमेरिकेतल्या जीपवर कार्टरचा कार्बोरेटर आणि ऑटो-लाइटचे विद्युत भाग असत. आमच्या इंजिनावर सोलेक्सचा कार्बोरेटर, लुकास-टीव्हीएसचा डिस्ट्रिब्युटर आणि मायकोचे प्लग निघाले : म्हणजे तीनही परकीय तंत्रावर, पण मद्रास आणि बंगळूर येथे बनणारे. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाचा तुटवडा तीव्र झाला आणि आयातीवर कडक निर्बंध आले. पाठ्यपुस्तकात 'आयात-पर्यायी औद्योगिकीकरण' हा शब्द मी तीन वर्षे पाठ केला. तो प्रथम हातात घेतला तो त्या तेलकट डिस्ट्रिब्युटरच्या रूपाने.

आता गाडीत बसवलेले डिझेल इंजिन. संग्राहकांना ते कलंकासारखे वाटले. पेट्रोल आणि डिझेलच्या भावांत मोठा फरक होता त्या काळात जीप, अँबेसेडर यांत डिझेल इंजिन बसवणे ही गावोगावच्या गॅरेजांतली नित्याची विद्या होती. नुसते इंजिन बदलून भागत नाही. त्याचे पाय वेगळे, म्हणून चॅसिसवर नवे माउंटिंग वेल्ड करायचे. गिअरबॉक्सशी जोड जमत नाही, म्हणून मधली प्लेट लेथवर करून घ्यायची. वजन वाढले, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादी पाटी वाढवायची. हे सर्व काकांच्या जीपमध्ये आहे, आणि ते करणारे मिस्त्री शेजारीच उकिडवे बसले होते. काकांनी त्या जीपवर खाणीतल्या कंत्राटाची कामे केली, तीन मुलांची शिक्षणे केली. पेट्रोलवर ती गाडी केव्हाच भंगारात गेली असती.

२०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'विंटेज' वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली : क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट अशी की, वाहन पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपातले आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले असावे. कुठेतरी रेषा आखावी लागते, हे मला मान्य आहे. नाहीतर कालपरवा फेरफार केलेली प्रत्येक जीप वारसा ठरेल. पण या रेषेने होते काय? जी गाडी संस्थानिकाच्या गॅरेजात झाकून उभी राहिली ती इतिहासात जमा, आणि जी रोज राबली, म्हणून बदलत गेली, ती बाद. संग्राहकांचा निकालही याच मुशीतला आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी असंख्य श्लोक प्रक्षिप्त ठरवून मूळ संहितेबाहेर काढले, पण फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते जपून ठेवले, कारण कोणत्या प्रांतात, कोणत्या पोथीत काय वाढले हाही इतिहासच आहे. जुन्या गाडीचे भाग बदलणाऱ्यांकडून माझी मागणी एवढीच आहे. हवे तर कार्टरचा कार्बोरेटर अमेरिकेतून मागवा. पण सोलेक्स काढण्यापूर्वी त्याचा जागेवरच फोटो घ्या, चिठ्ठी बांधा, डब्यात ठेवा. वेल्डिंगचा सांधा घासून नाहीसा करण्याआधी तो कोणी केला हे विचारा. सांगणारी माणसे सत्तरीच्या पुढे गेली आहेत.

काकांनी जीप अजून विकलेली नाही. संग्राहकांचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या इंजिनाचे सांगितले, आणि आता त्यांना तेही हवे आहे. डिझेलचे मात्र नको. एफचा बोल्ट मी आठवण म्हणून मागितला होता. मिस्त्रींनी तो ग्रीस लावून पुन्हा जागच्या जागी आवळला.