शंभर पटींचा स्पंज आणि एन्नोरची बादली

देशातील विज्ञानवार्तांमध्ये एक बातमी ठरावीक अंतराने परत येते. कोणत्या तरी नामांकित संस्थेच्या प्रयोगशाळेत असा एक स्पंज, एरोजेल किंवा कापड तयार झालेले असते, जे पाण्याला अंगाशी येऊ देत नाही आणि तेल मात्र स्वतःच्या वजनाच्या साठ, ऐंशी, शंभर पट शोषून घेते. सोबतचे छायाचित्रही ठरलेले असते : काचेच्या चंचुपात्रात पाण्यावर तरंगणारे, लाल रंग दिलेले तेल आणि चिमट्यात धरलेला काळा तुकडा. समुद्रातील तेलगळतीवर आता भारतीय उपाय सापडला आहे, असे मजकुराच्या शेवटी सांगितलेले असते. बातमी हजारोंच्या संख्येने पुढे पाठवली जाते, अभिनंदनांचा वर्षाव होतो आणि पुढच्या बातमीपर्यंत सारे शांत होते.

आता दुसरे छायाचित्र. २८ जानेवारी २०१७ रोजी पहाटे चेन्नईच्या उत्तरेस, एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर ‘बी. डब्ल्यू. मेपल’ आणि ‘डॉन कांचीपुरम’ या दोन जहाजांची टक्कर झाली. दुसऱ्या जहाजातील जड इंधन तेल समुद्रात आले आणि किनाऱ्याच्या खडकांवर दाट, काळ्या चिखलासारखे साचले. ते ओढून घेण्यासाठी आणलेले पंप त्या दाटपणापुढे हतबल ठरले. मग तटरक्षक दलाचे जवान, विद्यार्थी, स्वयंसेवक आणि मजूर रांगा करून उभे राहिले आणि बादल्या हातोहात पुढे जाऊ लागल्या. जवळजवळ सात वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, मिचाँग चक्रीवादळाच्या पुरासोबत मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल वाहत एन्नोरच्या खाडीत उतरले. या वेळी मच्छीमार स्वतःच्या नावांमधून मग, डबे आणि बादल्यांनी तवंग उपसताना दिसले. अनेकांच्या हातांत धड मोजेही नव्हते. जड तेलात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बने असतात, त्यांतली काही कर्करोगाला निमंत्रण देणारी आहेत, हे सांगायला कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही.

या दोन छायाचित्रांमधले अंतर हा भारतीय पदार्थविज्ञानापुढचा खरा प्रश्न आहे. तो प्रशासनाचा आहे, निधीचा आहे, हे खरेच. पण काही अंशी तो प्रयोगशाळेत काय मोजले जाते याचाही आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

‘शंभर पट’ या आकड्यापासूनच सुरुवात करावी. बाजारात भांडी आणि भिंती पुसण्यासाठी मिळणारा पांढरा मेलामाइन स्पंज घेतला, तर त्याची घनता प्रति घनमीटर साधारण ९ किलोग्रॅम असते. म्हणजे एक घनमीटर स्पंजात पदार्थ नाममात्र, ९९ टक्क्यांहून अधिक जागा रिकामी. या पोकळीत ९०० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेचे तेल काठोकाठ भरले, की उत्तर येते शंभर पट. यात नव्या रसायनाचे कर्तृत्व कितपत? लेपाने पाणी बाहेर ठेवले, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल. मोठा आकडा मात्र आला तो स्पंज मुळात हवेसारखा हलका आहे म्हणून. ग्राफीनचा एरोजेल त्याहून हलका, म्हणून त्याचा आकडा आणखी मोठा. वजनाऐवजी आकारमानाने मोजले, तर एक लिटर स्पंजात एक लिटरहून अधिक तेल कोणीही मावू शकत नाही, आणि समुद्रावर जाणाऱ्या बोटीत जागा लागते ती आकारमानाला. तरीही शोधनिबंधांच्या तुलनातक्त्यांत वजनाच्या पटींची चढाओढ वर्षानुवर्षे चालू आहे.

खरे घोडे पेंड खाते ते दाटपणापाशी. सच्छिद्र पदार्थात द्रव किती वेगाने शिरतो याचे गणित लुकस आणि वॉशबर्न यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवले आहे. पृष्ठताण, छिद्रांची त्रिज्या आणि संपर्ककोन सारखे असतील, तर ठरावीक खोलीपर्यंत भरण्यास लागणारा वेळ द्रवाच्या श्यानतेच्या सम प्रमाणात आणि खोलीच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढतो. प्रयोगशाळेतली चाचणी बहुधा डिझेल, पंपाचे तेल, हेक्झेन किंवा टोल्युईन यांवर होते. डिझेलची श्यानता दोन-चार सेंटिपॉइज. समुद्रात पडलेले जड इंधन तेल काही तासांत हलके घटक गमावते, लाटांच्या घुसळणीत पाणी पोटात घेते आणि त्याचा लोण्यासारखा गोळा होतो. त्याची श्यानता दहा हजार सेंटिपॉइजच्या घरात सहज जाते. म्हणजे जो तुकडा डिझेलने पाच सेकंदांत भरतो, त्याला या गोळ्याने भरायला चार तासांहून अधिक वेळ लागेल. एक सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याऐवजी दहा सेंटिमीटरची गादी घेतली, तर हा काळ पुन्हा शंभर पटींनी वाढतो. एन्नोरच्या खडकांवर पंप ज्या पदार्थापुढे थांबले, त्यापुढे चंचुपात्रातील विजेता स्पंज नुसता तरंगत राहिला असता.

हे कोणाला ठाऊक नाही असे नव्हे. तेलशोषकांच्या चाचणीसाठी एएसटीएम एफ ७२६ हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे. त्यात हलके, मध्यम, जड आणि हवापाण्याने मुरलेले अशा चार प्रकारच्या तेलांवर चाचणी सांगितलेली आहे. पण मानकानुसार चाचणी केली की आकडे घसरतात, आणि घसरलेल्या आकड्यांचा निबंध चांगल्या नियतकालिकात जात नाही. बढती, निधी, विद्यार्थ्याची पीएच.डी. हे सारे त्या नियतकालिकावर अवलंबून असते. तेव्हा दोष एखाद्या संशोधकाच्या प्रामाणिकपणाचा नाही. ज्या गोष्टीला गुण मिळतात तीच गोष्ट मोजली जाते.

मापनाबाहेर राहिलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. त्यातील एक-दोनच येथे पुरेत. अतिजलविरोधी लेपासाठी पुष्कळदा फ्लोरिनयुक्त सिलेन वापरले जातात. ही संयुगे निसर्गात दशकानुदशके टिकतात, म्हणून जग त्यांच्यापासून दूर जाऊ पाहत आहे. आणि समुद्राच्या शुद्धीसाठी तीच समुद्रात सोडायची, हा विचार करताना कोणाची लेखणी अडखळू नये याचे नवल वाटते. दुसरी गोष्ट तेलाने भरलेल्या स्पंजाची. २०१६ च्या नियमांनुसार तेलकट कचरा हा घातक कचरा ठरतो. तो पिळून पुन्हा वापरता आला नाही, तर एका तवंगाच्या जागी तेलाने माखलेल्या स्पंजांचा डोंगर एवढाच बदल घडतो. ‘दहा वेळा वापरता येतो’ हे वाक्य निबंधात असते, पण ते दहा वेळा स्वच्छ हेक्झेनमध्ये धुऊन झालेले असतात.

मुंबईकरांना ७ ऑगस्ट २०१० आठवत असेल. ‘एम. एस. सी. चित्रा’ आणि ‘खलिजा-३’ या जहाजांच्या टकरीनंतर तेल खारफुटीच्या चिखलात शिरले. वर डोकावणाऱ्या श्वसनमुळांवर बसलेला तो थर कोणत्याही स्पंजाने टिपता येणारा नव्हता. प्रत्येक किनाऱ्याचे तेल वेगळे आणि उपायही वेगळा, हे साधे सत्य ‘एक पदार्थ, सर्व गळत्या’ अशा बातम्यांत हरवून जाते.

भारतीय प्रयोगशाळांत या क्षेत्रात काही होतच नाही, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये काना सुरेशन यांच्या गटाने मॅनिटॉल या शर्कराजन्य पदार्थापासून असा रेणू घडवला, जो पाण्याला न गोठवता केवळ तेलाचेच जेल बनवतो. त्याची पहिली अडचण अशी, की तो आधी एखाद्या द्रावकात विरघळवून फवारावा लागे, म्हणजे तेल काढण्यासाठी आणखी एक द्रावक पाण्यात ओतणे आले. याच गटाने पुढे तो सेल्युलोजच्या तंतूंमध्ये मुरवला, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात द्रावकाची गरजच संपली. आधीच्या उपायातला दोष ओळखून त्यावर पाच वर्षे काम करणे हे ‘शंभराऐवजी एकशेवीस पट’ या चढाओढीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. बातम्यांत मात्र दोहोंना सारखाच रकाना मिळतो.

जिवाणूंची कथा याहून बोलकी आहे. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना तेल खाणारा जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटाचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. सजीवाला पेटंट मिळू शकते हे त्याने ठरले, जैवतंत्रज्ञानाचा उद्योग त्यावर उभा राहिला. तो जिवाणू मात्र कोणत्याही तेलगळतीवर कधी सोडला गेला नाही. दुसरीकडे दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने तेलक्षेत्रांतल्या मातीतून निवडलेल्या जिवाणूंचे मिश्रण मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाच्या भुकटीवर बसवून ‘ऑइलझॅपर’ तयार केले. यात चमकदार असे काही नाही. पण तेलविहिरी आणि शुद्धीकरण कारखान्यांच्या खड्ड्यांत साठलेल्या तेलकट गाळावर ते प्रत्यक्ष वापरले गेले, आणि पुढे ओएनजीसीबरोबर त्यासाठी संयुक्त कंपनीही स्थापन झाली. २०१७ मध्ये एन्नोरला बादल्यांनी गोळा केलेल्या गाळावर अखेर उपाय झाला तोही अशाच, जिवाणूंच्या मार्गाने.

प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंतचा रस्ता भारतात नाही, ही सबबही पटणारी नाही. फरिदाबादच्या इंडियन ऑइल संशोधन केंद्राने जड अवशेष-तेलापासून स्वयंपाकाचा गॅस आणि प्रोपिलीन अधिक प्रमाणात मिळवून देणारे ‘इंडमॅक्स’ तंत्र आणि त्याचे उत्प्रेरक विकसित केले. पहिला संच २००३ मध्ये गुवाहाटीला उभा राहिला, तो वर्षाला जेमतेम एक लाख टनांचा. त्याच्या अनुभवावर पारादीपला ४१.७ लाख टनांचा संच उभारला गेला. येथे उत्प्रेरकाची परीक्षा शुद्ध, नमुन्यादाखल द्रवावर झाली नाही. निकेल आणि व्हॅनेडियमने माखलेल्या, उत्प्रेरकाला विषासारख्या ठरणाऱ्या खऱ्या अवशेषावर झाली. शुद्धीकरण कारखान्याला रोजचा नफा-तोटा मोजावा लागतो, म्हणून तेथे खोटा आकडा आठवडाभरही टिकत नाही. तेलगळतीच्या पदार्थांना असा मालक नाही. गळती झाली की सारे धावतात, ओसरली की खरेदीदारच उरत नाही. मच्छीमार हा या पदार्थाचा खरा उपभोक्ता आहे, पण निविदा त्याच्या नावे निघत नाहीत.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ‘ओमसेट’ नावाची सुमारे २०० मीटर लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत लाटा निर्माण करता येतात आणि खरे कच्चे तेल ओतून उपकरणांची परीक्षा घेता येते. आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचा ‘ओलिओ स्पंज’ २०१६ मध्ये तेथेच तपासला गेला. भारतात आयआयटी मद्रासच्या थैयूर परिसरात लाटांच्या अभ्यासाचे मोठे कुंड आहे, पण ते बंदरे आणि किनाऱ्यांच्या प्रतिकृतींसाठी. त्यात तेल ओतायला कोणी धजावणार नाही, आणि धजावूही नये. साडेसात हजार किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या आणि आपल्या गरजेच्या कच्च्या तेलाचा बहुतांश हिस्सा जहाजांनी आणणाऱ्या देशाला ‘ओमसेट’सारखी एक टाकी जड वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा १९९६ पासून अस्तित्वात आहे, त्याची धुरा तटरक्षक दलाकडे आहे, आणि तवंग कोठे वाहत जाईल याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था देते. चाचणीची कडी तेवढी निखळलेली आहे.

टाकी उभी राहीपर्यंतही बरेच करता येईल. निधी देणाऱ्या संस्थांनी एवढीच अट घालावी, की तेलशोषक पदार्थावरील प्रत्येक प्रकल्पात निदान एक चाचणी पाण्याने घुसळलेल्या जड इंधन तेलावर आणि बंदरातून आणलेल्या गढूळ पाण्यावर व्हावी, आणि निकाल वजनाबरोबर आकारमानाने व किलोमागे येणाऱ्या खर्चाने नोंदवला जावा. त्यात ग्राफीन कदाचित मागे पडेल आणि सावरीचा कापूस पुढे येईल. त्याच्या पोकळ तंतूवर निसर्गतःच मेणाचा थर असतो, तो पाणी झिडकारतो आणि सैल भरल्यास स्वतःच्या वजनाच्या तीस-चाळीस पट हलके तेल धरतो. जड तेलापुढे त्याचीही तीच दमछाक होईल, पण त्याला फ्लोरिन लागत नाही आणि तो कोणत्याही गावात मिळतो. बातमी देणाऱ्यांनीही मथळ्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : चाचणी कोणत्या तेलावर झाली? उत्तर ‘डिझेल’ असेल तर तसे छापावे. डिझेलची गळतीही होते, तेथे तो पदार्थ उपयोगी पडेल. एन्नोरच्या मच्छीमाराला मात्र तूर्तास कोपरापर्यंतचे चांगले हातमोजे आणि दाट तेल ओढणारा पंप लागणार आहे.