सोडतीचे विमान

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब इंदुरास आला होता. गेली वीसएक वर्षे तो अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. नोकरी संगणकाची, परंतु सुटीच्या दिवशी छोटे विमान चालविण्याचा परवाना त्याने तेथे काढला आहे. नमस्कारास आला तेव्हा मिठाईच्या पुड्यासोबत त्याने एक मासिकही आमच्या हाती ठेवले. मुखपृष्ठावर नव्यासारखे चकाकणारे एक विमान होते. "सर, हे विमान आमची संस्था एका सभासदाला बक्षीस देणार आहे. वर्गणी भरली की नाव आपोआप सोडतीत जाते," असे तो म्हणाला. आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. आमच्या पिढीने सोडतीत घड्याळ पाहिले, शिवणयंत्र पाहिले, फार तर स्कूटर पाहिली. विमानाची गोष्ट प्रथम आम्हांस थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. ‘एअरक्राफ्ट ओनर्स अँड पायलट्स असोसिएशन’ ही खासगी वैमानिकांची व विमानमालकांची संस्था १९३९ साली स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी मेरीलँड राज्यातील फ्रेडरिक या गावी आहे. लहान विमानतळ बंद पडू नयेत, नवे कर लादले जाऊ नयेत, यासाठी सरकारदरबारी भांडणे हे तिचे मूळ काम. त्याच संस्थेने १९९० च्या दशकापासून सभासदांसाठी विमानाच्या सोडती काढल्या आहेत. विमान कोरे करकरीत असतेच असे नाही. पुष्कळदा एखादे जुने विमान घ्यावयाचे, त्याचे इंजिन, उपकरणे, बैठका, रंग, सारे नव्याने करावयाचे आणि मग ते सोडतीत ठेवावयाचे, अशी रीत आहे. २०११ साली फ्लोरिडातील लेकलँड येथे विमानांचा मेळा भरला असता टोर्नेडो वादळाने तेथील अनेक विमाने उलथीपालथी केली. त्यांतलेच एक मोडलेले ‘हस्की’ जातीचे विमान दुरुस्त करून पुढील वर्षीच्या सोडतीचे बक्षीस करण्यात आले.

यात कायद्याची एक गंमत आहे. बक्षीस, नशीब आणि त्यासाठी मोजलेले पैसे ही तिन्ही एकत्र आली की अमेरिकेत ती लॉटरी ठरते, आणि खासगी संस्थेला लॉटरी चालविण्यास मनाई आहे. म्हणून वर्गणी न भरणाऱ्यासही टपालाने फुकट नाव नोंदविण्याची वाट ठेवावी लागते. म्हणजे सभासद वाढविण्यासाठी काढलेली सोडत सभासद न होताही जिंकता येते!

मग हा खटाटोप कशासाठी? कारण सरळ आहे. घर ओस पडू लागले आहे. १९७८ साली अमेरिकेतील कारखान्यांनी सुमारे १७,८०० लहान विमाने बनविली. १९९४ साली हा आकडा हजाराच्या आत आला. १९८० साली तेथे सव्वाआठ लाखांवर वैमानिक होते; २०१५ च्या सुमारास ते सहा लाखांहूनही कमी उरले. अशा वेळी संस्थाचालकांना लोकांचे लक्ष वेधून घ्यावेसे वाटले, तर त्यांस दोष कसा द्यावा?

परंतु वैमानिक उडणे का सोडतो? विमान नाही म्हणून क्वचितच. विमान पोसवत नाही म्हणून बहुधा. ‘सेसना १७२’ हे चार आसनांचे साधे विमान १९५६ पासून आजवर चाळीस हजारांवर बनले. तेही तासाला तीसएक लिटर खास पेट्रोल पिते. जागेचे भाडे, विमा, दर बारा महिन्यांनी सक्तीची तपासणी, आणि सुमारे दोन हजार तासांनंतर इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती हे निराळेच. त्याहून पहिला घाव कराचा. बक्षिसाची बाजारभावाने होणारी किंमत तेथे त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. दोन लाख डॉलरांचे विमान लागले, तर मध्यम पगाराच्या माणसावर पन्नास हजारांच्या आसपास कर सहज चढतो. (आपल्याकडे तर सोडतीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे, तेव्हा कोणी हसू नये.) चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! येथे तर कोंबडी फुकट आहे, पण मसाला रोखीने.

या बाबतीत आमचेही हात स्वच्छ नाहीत, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मराठी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. वर्गणीदार घटत चालले, तेव्हा कोणीतरी स्कूटरच्या सोडतीची कल्पना काढली आणि आम्ही हात वर केला. त्या वर्षी सभासदांची वही भरून गेली. स्कूटर एका गृहस्थांस लागली. त्यांनी त्यापूर्वी वा त्यानंतर वाचनालयातून एकही पुस्तक नेले नाही. पुढच्या वर्षी नव्या सभासदांपैकी बहुतेकांनी वर्गणी भरली नाही, आणि जुन्यांपैकी दोघे-तिघे चिडून म्हणाले, "यंदा बक्षीस नाही का?" हा प्रश्न आम्हांस फार लागला. पुस्तकांसाठी येणाऱ्या माणसांना बक्षिसाची वाट पाहावयास आम्हीच शिकविले होते.

तथापि विमानाची सोडत आणि आमची स्कूटर यांत एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. स्कूटर आम्ही दुकानातून आणली. विमान तेथे डोळ्यांदेखत घडविले जाते. महिन्यामागून महिने मासिकात त्याची हकीकत येते. पंखातला गंज कसा शोधला, जुनी तार कोठे जळाली होती, नवे उपकरण बसविताना काय अडले, हे सारे सभासद वाचतो आणि आपल्या विमानाकडे नव्या नजरेने पाहतो. कारखानदारही आपल्या मालाची वाहवा व्हावी म्हणून पुष्कळ सामग्री सवलतीत देतात. आमच्या विद्यार्थ्याने हे अंक जपून ठेवले आहेत. त्या लेखांवरून तो इतके शिकला की परवाना देणाऱ्या शिक्षकानेही तेवढे सांगितले नव्हते, असे तो म्हणतो. हे शिक्षण वाया जाऊ नये असे आम्हांसही वाटते. आमची तक्रार शेवटच्या दिवसाची आहे, म्हणजे चिठ्ठी उचलण्याची.

विमानविद्येत बक्षिसांची परंपरा जुनी आहे. पण ती कर्तृत्वाची होती. इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा १९३० साली तरुण जे. आर. डी. टाटा इकडून निघाले आणि अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर तिकडून. वाटेत इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते; टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. बक्षीस अस्पींनी जिंकले, आणि पुढे १९६० साली ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. सोडतीत प्रतिस्पर्ध्यास प्लग देण्याची वेळ कोणावर येणार?

आता सर्वांनाच शर्यती लावाव्यात असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतच दुसरा मार्ग आहे. ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या १९५३ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९२ पासून आठ ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना फुकट विमानफेरी देण्याचा उपक्रम चालविला. सभासद आपले विमान, आपले इंधन आणि आपली रविवार-सकाळ खर्च करतात. २००३ अखेर अशा दहा लाख मुलांची फेरी झाली. २०१९ पासून त्याच संस्थेतर्फे होतकरू मुलांना उड्डाणशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळू लागली. आरंभी ती दहा हजार डॉलरपर्यंत होती. स्थानिक शाखा मुलगा वा मुलगी निवडते आणि शाखेतील वडीलधारी मंडळी त्याच्या पाठीशी उभी राहतात. परवान्यास किमान चाळीस तास उड्डाण लागते, तेव्हा दहा हजारांत सारे भागेलच असे नाही. पण दोन लाखांचा हिशेब आमचा चौथीतला विद्यार्थीही करील. वीस मुले.

म्हणून आमचे मत असे, की संस्थेने विमान जरूर घडवावे, त्याची हकीकत सविस्तर छापावी, आणि पूर्ण झाल्यावर ते एखाद्या उड्डाणशाळेस किंवा दहा-वीस जणांच्या फ्लाइंग क्लबास द्यावे. चिठ्ठीच काढावयाची तर क्लबांच्या नावांची काढावी. मग करही एकट्याच्या मानेवर बसणार नाही आणि विमानही हँगरात धूळ खात पडणार नाही.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थ्यास ऐकविले. त्याने निमूट ऐकून घेतले; शाळेतही तो असाच होता. "अरे, पण उद्या खरेच तुझे नाव निघाले तर?" आम्ही विचारले.

"विकीन, सर. कर भरायलाच विकावे लागेल."

सूनबाई चहा घेता घेता म्हणाल्या, "खोटं आहे हं, सर. आधी आठ दिवस उडवतील, मग विकतील."

तो हसला आणि मासिक परत मागून घेतले.