दप्तराची किल्ली कोणाकडे? संगणकातला नवा कारकून आणि आपण

१/ कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील कुरुंदवाडात सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी दाखवली जाते. पटवर्धनांचे हे जुने संस्थानी गाव. अशा गावात माळ्यावरच्या पेटीतून मोडी कागदांचा रुमाल निघाला, तर तो प्रथम कोणी वाचावा? घरच्या माणसाने, की लॅपटॉपमध्ये आधीपासूनच बसवून आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाने? 🧵

२/ 'कळ दाबा, इतिहास उलगडेल' असे सांगणारे मित्र हल्ली पुष्कळ भेटतात. विंडोजच्या नव्या लॅपटॉपवर तर 'कोपायलट'ची स्वतंत्र कळच येते. माझी भूमिका आरंभीच मांडतो. असा सहायक मुळात बंद असावा. तो मालकाने समजून-उमजून चालू करावा. आणि चालू केल्यावर त्याला कारकुनाचे काम द्यावे, इतिहासकाराचे नव्हे.

३/ दप्तर म्हणजे सत्ता, हा धडा महाराष्ट्राने पूर्वीच गिरवला आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदाराने हक्क शाबीत करायचा. आणि ज्या दप्तरावरून त्याचा दावा पारखला जाणार, ते मात्र सरकारच्या कुलपात!

४/ ज्यांना पुरावा देता आला नाही, त्यांची इनामे खालसा झाली. दक्षिण मराठा मुलखातील १८५७ च्या असंतोषामागे हेही एक कारण होते. तुलना ताणू नये. आजची संगणक कंपनी कोणाची जमीन खालसा करत नाही. पण बोध तोच आहे. तुमचे कागद दुसरा वाचतो, तेव्हा काय टिपायचे आणि ते कुठे ठेवायचे, हे तो ठरवू लागतो.

५/ याचा ताजा दाखला पाहा. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' जाहीर केले. दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपायचे, ते संगणकातच साठवायचे आणि पुढे शोधून द्यायचे, अशी ही सोय. साठवलेला मजकूर सहज वाचता येतो, हे सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले. टीका झाली आणि जूनमध्ये कंपनीला जाहीर करावे लागले की, वापरकर्त्याने स्वतः चालू केल्याशिवाय ही सोय बंदच राहील.

६/ म्हणजे 'आधी चालू, मग हवे तर बंद करा' ही निसर्गाची आज्ञा नव्हे. तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो आणि लोक बोलले तर तो बदलतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातही संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त आणि स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली असावी, असेच तत्त्व आहे. मौन म्हणजे संमती नव्हे.

७/ 'आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय?' हा नेहमीचा प्रश्न. पण घरच्या रुमालात एकट्या तुमचाच इतिहास नसतो. भाऊबंदांच्या वाटण्या, कर्जाचे रोखे, दत्तकाचे वाद, कोणा विधवेच्या पोटगीचा करार असे काहीही त्यात असू शकते. इंटरनेटवरून चालणाऱ्या सहायकाला कागदाचे छायाचित्र दिले की ते कंपनीच्या सर्व्हरवर जाते. चुलत्यांना विचारलेत का?

८/ आता अचूकतेकडे वळू. मराठी कागदांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांत येतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. इसवी सन काढण्यासाठी त्यात ५९९ मिळवावेत, की ६००? हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

९/ पानिपतचा संग्राम झाला १४ जानेवारी १७६१ रोजी, शुहूर ११६१ मध्ये. सरसकट ५९९ मिळवणारा हा संग्राम १७६० मध्ये नेऊन ठेवील! यंत्र असे चुकेलच असे नाही. पण चुकले, तरी त्याची भाषा तितकीच ठाम आणि गोड असते. ज्याला हा हिशेब स्वतः येत नाही, त्याला ती चूक दिसणार कशी?

१०/ मोडीचे तेच. शब्द एकमेकांना लागून, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तोडला, यावर माणसाचे नाव गावाचे होऊ शकते. मिरजेत शिक्षकी करत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातील पत्रे वाचली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड प्रसिद्ध केले. त्यांनी मूळ पत्रेच छापली. म्हणून त्यांच्या निष्कर्षांशी आजही वाद घालता येतो. पुराव्याविना आलेल्या गोषवाऱ्याशी वाद घालायचा कसा?

११/ म्हणून यंत्रावर बहिष्कार घालावा काय? मुळीच नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने कुरुंदवाड-नृसिंहवाडीचा परिसर वेढला होता. अशा पाण्यापुढे कागद टिकत नाही, छायाचित्र टिकते. छायाचित्रे काढा, त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या गावी ठेवा. सूची, शोध आणि वर्गवारीसाठी सहायक जरूर वापरा. हे सारे कारकुनाचे काम आहे आणि ते तो झपाट्याने करतो.

१२/ मात्र कळ दाबण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. सेटिंगमध्ये काय आधीच चालू आहे? चित्र संगणकातच राहते, की बाहेर जाते? घरच्यांची संमती आहे का? आणि यंत्राने केलेले वाचन मूळ कागदाशी ताडून पाहणारा मोडी जाणकार जवळ आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर आधी मोडी शिकायला बसा. नेटाने बसलात तर ती येते.

१३/ इनामदारांना निवड नव्हती. दप्तर त्यांच्या हातून आधीच गेले होते. आपल्याला निवड आहे, आणि ती एका कळीइतकी सोपी आहे. कारकून ठेवा, त्याच्याकडून भरपूर काम करून घ्या. पण दप्तराची किल्ली त्याच्या कमरेला बांधू नका.

धागा समाप्त. तुमच्या घरी मोडी कागद असतील तर ते इथे टाकू नका. ते कसे जपले आहेत, तेवढेच सांगा.