टाकोराडीच्या धक्क्यावर कुणाचं स्वातंत्र्य उतरलं?

देश स्वतंत्र कसा होतो त्याची एक ठरलेली गोष्ट आहे. तिच्यात एक सुटाबुटातला नेता असतो. तो तुरुंगात जातो, तुरुंगातून बाहेर येतो, गोऱ्या गव्हर्नरशी हात मिळवतो. मग मध्यरात्र होते. एक झेंडा खाली, एक झेंडा वर. बँड वाजतो. आणि झालं साला राष्ट्र! मदाऱ्याच्या टोपलीतून कबूतर निघावं तसं.

घानाची गोष्टही अशीच सांगतात. 6 मार्च 1957. सहाराच्या खालच्या ब्रिटिश वसाहतींतला पहिला मोकळा झालेला काळा देश. आधीचं नाव गोल्ड कोस्ट. नेता क्वामे एन्क्रुमा. आणि गोष्टीला शेवटी एक शेपूट जोडतात : रक्त न सांडता!

हे 'रक्त न सांडता' लिहिणारे कोण? ज्यांचं कधी सांडत नाही ते.

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. घाना मी बघितलेला नाही, बघायची ऐपतही नाही. पण त्या देशाचं सगळं येणं-जाणं ज्या बंदरांतून झालं, तिथं माझ्याच जातीची माणसं राबत होती. पाठीवर ओझं घेणाऱ्यांच्या जातीची. म्हणून ही गोष्ट मी झेंड्याच्या बाजूने वाचत नाही, धक्क्याच्या बाजूने वाचतो. दोस्तहो, तुम्हीही एकदा वाचून बघा.

गोरा तिथं आला तो आधी सोन्यासाठी, मग माणसांसाठी. पोर्तुगीजांनी एल्मिनाचा किल्ला 1482 साली बांधला. अक्राजवळचा ख्रिश्चनबोर्ग डेन्मार्कवाल्यांचा. खाली तळघरात माणसं कोंबायची, वर साहेबाने जेवायचं, जहाज आलं की माल भरायचा. पुढे त्याच ख्रिश्चनबोर्गमध्ये इंग्रज गव्हर्नर राहायला आला. आणि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ सरकारचं ठाणं तिथंच! तळघर तसंच ठेवून वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदलले. आता यावर मी वेगळं काय बोलू?

आगगाडी टाकली तीही लोकांच्या सोयीसाठी नाही. 1903 पर्यंत रूळ सेकोंडीच्या समुद्रापासून सोन्याच्या खाणींवरून कुमासीपर्यंत गेले, आणि कुमासीच्या उत्तरेला कधी गेलेच नाहीत. कारण उत्तरेकडून सोनं यायचं नव्हतं, कोको यायचा नव्हता. उत्तरेकडून यायची नुसती माणसं. खाणीत उतरायला, कोकोच्या मळ्यात राबायला. ती येतात पायी. त्यांच्यासाठी रूळ कशाला?

1928 साली टाकोराडीचं बंदर झालं. अक्राला तर 1962 साली शेजारी टेमाचं बंदर होईपर्यंत धड धक्काच नव्हता. जहाज दूर समुद्रात उभं राहणार, आणि लाटांच्या तोंडी होड्या घालून माणसं माल ने-आण करणार. ज्यांनी भिजलेलं पोतं एकदा तरी खांद्यावर घेतलंय, त्यांना याचं वजन कळेल. बाकीच्यांनी चॉकलेट खावं.

हो, चॉकलेटच. 1937 साली युनायटेड आफ्रिका कंपनी, कॅडबरी आणि आणखी काही गोऱ्या कंपन्यांनी आपसात करार केला. कोको कितीला घ्यायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, चढाओढ करायची नाही. शेतकऱ्यांनी काय केलं? विकायचंच बंद केलं. नुसतं तेवढंच नाही, गोऱ्यांच्या दुकानातला मालही घेईनात. महिनोन् महिने कोको पडून. शेवटी 1938 साली लंडनला चौकशी समिती बसवावी लागली. तेव्हा एन्क्रुमा अमेरिकेत शिकत होता आणि त्याचा पक्ष जन्मायचा होता. म्हणजे नेता यायच्या आधी लढा आला होता. पुस्तकातल्या गोष्टीत हे पान फाडलेलं असतं.

आता 'रक्त न सांडता'चं बघू.

दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे साठ-पासष्ट हजार जवान इंग्रजांच्या फौजेत होते. त्यातले कितीतरी हिंदुस्थानातून पुढे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला पाठवले. स्वातंत्र्यासाठी लढतोय असं त्यांना सांगितलं होतं. कुणाच्या, ते सांगितलं नव्हतं. घरी परतले तर ना नोकरी ना धड पेन्शन, आणि बाजारात सगळ्याच्या किंमती आभाळात. जानेवारी 1948 मध्ये लोकांनी पुन्हा गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. 28 फेब्रुवारीला तो मागे घेतला. त्याच दिवशी निवृत्त जवान गव्हर्नरकडे अर्ज द्यायला निघाले. हातात बंदुका नाहीत. कागद. ख्रिश्चनबोर्गच्या चौकात पोलिसांनी अडवलं. इम्रे नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने गोळी घाला म्हणून सांगितलं. काळ्या शिपायाचा हात अडखळला. तेव्हा या हरामखोराने बंदूक हिसकावली आणि स्वतः गोळ्या झाडल्या. सार्जंट अॅडजेटे, कॉर्पोरल अॅटिपो, प्रायव्हेट ओदार्ते लाम्प्टे. तिघं जागच्या जागी खलास. मग अक्रा पेटलं, बाकीची शहरं पेटली. पुढच्या काही दिवसांत 29 माणसं मेली.

हे रक्त नव्हतं तर काय होतं? टोमॅटोचा रस?

आणि आता गंमत ऐका. दंगल केली रस्त्यावरच्यांनी, सरकारने पकडलं सहा पुढाऱ्यांना. ते झाले 'बिग सिक्स'. वकील डांक्वा त्यांतला म्होरक्या. त्यांच्याच संघटनेत चिटणीस म्हणून बोलावलेला एन्क्रुमा सहावा. या वकील-व्यापारी मंडळींची मागणी होती : शक्य तितक्या लवकर स्वराज्य. शक्य तितक्या! कोर्टाची तारीख मागावी तसं. एन्क्रुमाचं मोठेपण एवढंच आणि ते फार मोठं, की त्याने ओळखलं, हे शेणामेणाचे लोक आहेत. 12 जून 1949 ला त्याने वेगळा पक्ष काढला आणि म्हटलं, स्वराज्य आत्ता. ताबडतोब.

त्याच्यामागे कोण गेलं? सातवी-आठवी शिकून काम न मिळालेली पोरं, ड्रायव्हर, बाजारात बसणाऱ्या बाया, रेल्वेचे फिटर, गोदीवाले. स्वतःचं घर नसलेली, श्रीमंताच्या ओट्यावर रात्र काढणारी पोरं. वकील मंडळी त्यांना हिणवून 'व्हरांडा बॉइज' म्हणायची. या पोरांनी ती शिवी उचलली आणि छातीवर मेडलसारखी लावली. आपल्याला हे शिकवायला नको. जी नावं आपल्याला थुंकून दिली होती, त्यांचं आपण काय केलं ते आपल्याला माहीत आहे.

जानेवारी 1950 मध्ये 'पॉझिटिव्ह अॅक्शन' पुकारली. ही आयडिया गांधींकडून घेतली असं एन्क्रुमाने स्वतः सांगितलंय. बरं. पण उपास कुणी धरला नव्हता हां! संप झाला. सेकोंडी-टाकोराडीच्या रेल्वेवाल्यांनी इंजिनं थांबवली, म्हणून साहेब हादरला. आणीबाणी, धरपकड, एन्क्रुमा जेलात. जेल भोगून आलेली पोरं टोपीवर 'पी. जी.' लिहून फिरायची. पी. जी. म्हणजे प्रिझन ग्रॅज्युएट! ही पदवी मला फार आवडते. हिला फी पडत नाही.

(गांधींचा विषय निघालाच आहे तर. 2016 साली अक्राच्या घाना विद्यापीठात आपल्या राष्ट्रपतींच्या हस्ते गांधींचा पुतळा बसवला. तिथल्या प्राध्यापकांनी आणि पोरांनी गांधींचं दक्षिण आफ्रिकेतलं लिखाण काढून वाचलं. काळ्यांना कोणते शब्द वापरलेत, हिंदी माणूस त्यांच्यापेक्षा वरचा कसा, ते सगळं. आणि म्हणाले, हा पुतळा आमच्या अंगणात नको. डिसेंबर 2018 मध्ये तो हलवला. आपल्या पेपरवाल्यांना फार दुःख झालं. वाचायला मात्र कुणी बसलं नाही.)

फेब्रुवारी 1951 ची निवडणूक. एन्क्रुमा तुरुंगात, आणि अक्रातून 23,122 पैकी 22,780 मतं त्याला. गव्हर्नरने बाहेर काढून थेट सरकारात बसवलं. इंग्रज मोठा हुशार. तुरुंगात ठेवला तर देव होतो, खुर्चीवर बसवला तर निदान हिशेब तरी लिहायला लागतो.

पुढची सहा वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती कागदांची आहेत. घटना, निवडणुका, पुन्हा घटना. पण एक गोष्ट सोडता येत नाही. 1954 साली जगात कोको कडाडला. एन्क्रुमाच्या सरकारने शेतकऱ्याचा भाव कायद्याने बांधला : साठ पौंडाच्या ओझ्याला 72 शिलिंग. वरचा पैसा सरकारचा. त्या पैशातून शाळा काढू, रस्ते करू. काढल्या, खोटं बोलायचं नाही. 1952 पासून प्राथमिक शाळेची फी माफ केली, आणि हे एक काम गव्हर्नरांच्या सगळ्या पिढ्यांपेक्षा मोठं. पण ठरवलं कुणी? 1937 साली कंपन्यांनी भाव बांधला तर तो जुलूम, आणि आता आपल्या माणसाने बांधला तर ते राष्ट्र? कुमासीत शेतकरी खवळला आणि त्याच्या रागावर स्वार झाले कोण? सरंजामी राजे आणि तेच वकील. आपल्या बाजूच्याने चूक केली की तिचं पीक नेहमी दुसराच कापून नेतो.

तरी 1956 ची निवडणूकही एन्क्रुमाने जिंकली. आणि 6 मार्च 1957 ला गोऱ्यांच्या पोलोच्या मैदानावर तो नाचला, रडला, म्हणाला की सगळी आफ्रिका सुटल्याशिवाय आमच्या सुटण्याला अर्थ नाही. हा माणूस खोटं बोलत नव्हता. मला त्याच्याबद्दल आजही प्रेम आहे. म्हणून तर पुढचं लिहिताना हात कडक होतो.

1958 साली दोन कायदे झाले. एक, खटल्याशिवाय कुणालाही पाच वर्षं डांबायचा. दुसरा, कामगारांचा. सगळ्या युनियन एका केंद्राखाली आणायच्या, वर्गणी पगारातून परस्पर कापायची, आणि संप करायचा तर एवढ्या पायऱ्या चढायच्या की माणूस म्हातारा व्हावा. ज्या संपाने सरकार आणलं, त्या संपाच्याच नरडीवर पाय. 

जुलै 1961 च्या बजेटात हुकूम निघाला : वर्षाला 120 पौंडांवर कमावणाऱ्याच्या पगारातून शेकडा पाच सक्तीने बचत म्हणून कापणार. राष्ट्र बांधायचंय ना, मग द्या! 4 सप्टेंबरला सेकोंडी-टाकोराडीचे रेल्वेवाले आणि गोदीवाले बाहेर पडले. बंदर बंद. गाड्या बंद. 1950 ची तीच माणसं, तेच रूळ. बेलग्रेडला जगातल्या अलिप्त देशांची परिषद भरलेली, एन्क्रुमा साम्राज्यवादावर भाषण करायला गेलेला, आणि घरी त्याच्या मंत्र्यांनी आणीबाणी लावली. बाजारातल्या बायांनी संपवाल्यांना फुकट जेवू घातलं. सतरा दिवस! पोटावर पाय आला तेव्हा बाईने टोपली उघडली, मंत्र्याने तुरुंग उघडला. संप मोडला. ऑक्टोबरात संपाचे पुढारी आत, डांक्वाही आत. सरकारने सांगितलं की हे सगळं परकी कारस्थान. कामगार भुकेला आहे असं एकाही सरकारला कधी कळत नाही. त्याला कुणीतरी फितवलेलं असतं!

आणि देशासाठी शेकडा पाच सोडा म्हणणाऱ्यांचं काय? 1962 साली क्रोबो एडुसेई या मंत्र्याच्या बायकोने लंडनच्या दुकानातून सोन्याचा मुलामा दिलेला पलंग घेतला. तीन हजार पौंड. 120 पौंडवाल्याने पंचवीस वर्षं काही न खाता-पिता राबावं, तेव्हा तो पलंग. हा एडुसेई सुरुवातीचा आग ओकणारा कार्यकर्ता होता. व्हरांड्यापासून पलंगापर्यंतचा प्रवास दहा-बारा वर्षांचा. आपल्याकडे तर त्याहून लवकर होतो. आपले काही जुने मित्र आठवा. नावं मी घेत नाही, जागा वाया जाईल.

24 फेब्रुवारी 1966. एन्क्रुमा व्हिएतनामचं युद्ध थांबवायला म्हणून निघालेला, पेकिंगमध्ये पोचला, आणि मागे फौजेने सत्ता घेतली. अमेरिकेला उठावाच्या बेताची खबर आधीपासून होती हे त्यांच्याच कागदांत आहे. पण अमेरिकेने एन्क्रुमाला पाडलं एवढं म्हणून सुटता येणार नाही. त्याचा पुतळा फोडला तेव्हा अक्राच्या रस्त्यांवर लोक नाचत होते, ते काही अमेरिकेने जहाजातून उतरवले नव्हते. टाकोराडी का उठली नाही? कारण तिचे पुढारी त्याने स्वतःच आत टाकले होते. 1972 साली हा माणूस परमुलखात, बुखारेस्टमध्ये मेला. मग सगळ्यांनी त्याला राष्ट्रपिता केलं. मेलेला माणूस संपाबद्दल बोलत नाही, त्यामुळे सोयीचा.

बाजारातल्या बायांची फेड राहिली. ऑगस्ट 1979 मध्ये महागाईचं खापर त्यांच्यावर फोडून रॉलिंग्जच्या सैनिकांनी अक्राचा माकोला बाजार सुरुंग लावून उडवला. कंपन्या नाही, बँका नाही. बायांच्या टोपल्या!

राजे, वकील, फौज, पक्ष, सगळे आलटून पालटून बसले. बिग सिक्समधल्या एकाचा मुलगा, दुसऱ्याचा नातलग, तो 2017 ते 2025 राष्ट्राध्यक्ष होता. त्याच्याच काळात, डिसेंबर 2022 मध्ये, घानाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले आणि नाणेनिधीपुढे हात पसरला. जगाला कोको देणारा देश. साखर कोण खातं?

आणि उत्तरेकडची माणसं? दक्षिणेत त्यांच्यासाठी जुना शब्द होता, ओदोंको. विकत घेतलेला गुलाम. 1874 साली कायद्याने गुलामी गेली. अशांती लोकांत रीत अशी की कुणाच्या मुळाबद्दल उघड बोलायचं नाही. मोठी सभ्य रीत! पण बोलायचं नाही म्हणजे माहीत नाही असं नव्हे. लग्न ठरताना सगळ्यांना सगळं आठवतं. मला हे वाचताना नकाशा उलटासुलटा करून बघावा लागला की हा देश नक्की कुठला.

रूळ अजून उत्तरेला पोचलेले नाहीत. पण पोरी पोचतात. बसने, ट्रकच्या मागे बसून अक्रात उतरतात, डोक्यावर मोठालं घमेलं घेतात आणि बाजारात दुसऱ्यांचं ओझं वाहतात. त्यांना कायायेई म्हणतात. ओझेवाल्या बाया. रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर, व्हरांड्यांवर झोपतात. 2017 सालापर्यंत तिथल्या नगरपालिका या पोरींकडून डोक्यावर ओझं वाहायचा करसुद्धा वसूल करत होत्या.