रिओहून परतल्यावर पुढे काय? : अखिलेश पॉल आणि आपल्या वस्तीतलं मैदान



भीमजयंतीच्या तयारीच्या दिवसांत आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या एका विहारात पोरांना नागराज मंजुळेंचा 'झुंड' दाखवला. सिनेमा संपल्यावर आम्ही प्रेरणेवर दोन शब्द बोलणार होतो. तेवढ्यात पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा मागून म्हणाला, "दादा, हे खरं झालं का? मंग त्याले नोकरी लागली का जी?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यावर १६०० मीटर धावणाऱ्या पोराला खेळाचा अर्थ असाच विचारावासा वाटणार. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा हा प्रयत्न आहे.

हो, ते खरं घडलं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी २००१ मध्ये 'स्लम सॉकर' सुरू केलं. त्या मैदानावर अखिलेश पॉल नावाचा एक तरुण आला. तो गुन्हेगारीत अडकला होता, पोलिसांचा ससेमिरा मागे होता. हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. २०१० मध्ये तोच तरुण ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरोला होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारतीय संघाचा कर्णधार म्हणून उतरला. परत आल्यावर तो प्रशिक्षक झाला आणि वस्तीतल्या पोरांना शिकवू लागला. २०१४ मध्ये 'सत्यमेव जयते'मधून त्याची गोष्ट देशभर पोहोचली.

त्याची जात कोणती, हे आम्ही इथे शोधत बसणार नाही. आम्हाला बघायचं आहे ते हे की तो ज्या वस्तीतून आला, तशा वस्तीत कोण राहतं आणि का राहतं. याचं उत्तर आपल्याला पुस्तकात शोधावं लागत नाही.

आता होमलेस वर्ल्ड कपचा एक नियम बघा. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झालेल्या या स्पर्धेत दोन्हीकडे चार-चार खेळाडू खेळतात आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. कारण सरळ आहे. संधी दुसऱ्यालाही मिळावी. नियम योग्यच आहे. पण खेळाडूच्या बाजूने बघितलं तर विमान, परदेश, अंगावर देशाची जर्सी हे सगळं एकदाच येतं. त्यानंतर तो पोरगा पुन्हा त्याच गल्लीत, त्याच घरात येतो. पासपोर्टवर शिक्का असतो, पण खिशात डिग्री नसते.

म्हणून आमच्या मते अखिलेशच्या कारकिर्दीतला मोठा टप्पा रिओ नाही, प्रशिक्षक होणं हा आहे. खेळाडू म्हणून तो एकदा गेला. प्रशिक्षक म्हणून तो रोज मैदानावर उभा राहू शकतो आणि दहाजणांना तयार करू शकतो. माध्यमांनी मात्र बहुतेक वेळा पहिलाच भाग रंगवला. वाया गेलेला पोरगा, देवासारखे धावून आलेले सर, परदेशवारी, टाळ्या. बारसे सरांच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. २०१६ मध्ये 'स्लम सॉकर'ला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. पण एका भल्या माणसाने केलेलं काम बघून सरकारची जबाबदारी संपते का? बाबासाहेबांनी आपल्याला दया मागायला शिकवलं नाही, हक्क मागायला शिकवलं.

इतिहासातही हेच दिसतं. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचे. १९११ मध्ये ते भारतीय संघासोबत इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले, तेही १९२३ मध्ये, मोठा वाद झाल्यावर. बाळूंचा चेंडू चालत होता, त्यांचा हुकूम चालत नव्हता. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यांच्या राजकारणाशी आपलं पटणार नाही, पण त्यांच्यावरचा अन्याय त्यामुळे खोटा ठरत नाही. आपल्या माणसाचं कौशल्य वापरून घ्यायचं आणि निर्णयाची खुर्ची आली की दार लावायचं, ही या व्यवस्थेची जुनी सवय आहे.

आज ती खुर्ची म्हणजे प्रशिक्षक, निवड समिती आणि क्रीडा संघटनेचं पद. फुटबॉलचा अधिकृत प्रशिक्षक व्हायचं तर खालच्या लायसन्सपासून एकेक पायरी चढावी लागते. त्यासाठी फी, प्रवास, कागदपत्रं आणि कामापुरतं इंग्रजी लागतं. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात ते हेच. पायात कला असून भागत नाही, कोणता फॉर्म कुठे भरायचा हे सांगणारं घरात कोणीतरी लागतं. आपल्या घरात ते बहुतेक वेळा नसतं. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण ते स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर मिळतं, आणि मैदान, प्रशिक्षक असल्याशिवाय पोरगा त्या स्पर्धेपर्यंत पोहोचणार कसा?

आपला गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके आहेत. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या आदिवासी आणि बौद्ध पोरांच्या पायातला दम आम्ही रोज बघतो. धान कापल्यावर रिकाम्या बांधीत ते खेळतात आणि रोवणी आली की खेळ बंद.

तेव्हा कामाला लागू या. पहिलं, आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगर परिषदेच्या नोंदीत मैदानासाठी किती जागा आहे आणि आज तिथे काय उभं आहे, हे माहिती अधिकारात विचारा. दुसरं, जिल्हा नियोजनातून खेळावर आणि अनुसूचित जाती उपयोजनेतून आपल्या वस्त्यांवर किती खर्च झाला, त्याचा हिशोब मागा. तिसरं, प्रत्येक तालुक्यातून एक मुलगा आणि एक मुलगी निवडून त्यांच्या प्रशिक्षक लायसन्सचा खर्च समाजाने उचलावा.

पैसा कुठून आणायचा, असं कोणी म्हणेल. जयंतीच्या डीजेला आपण एका रात्रीत किती देतो, ते मंडळाच्या वहीत बघा. जयंती साजरी झालीच पाहिजे, आमचं त्याला ना नाही. पण १५ एप्रिलच्या सकाळी त्या पैशातून वस्तीत काय उरलं, हे विचारायचा हक्क त्या पोराला आहे.

विहारातल्या त्या पोराला आम्ही त्या रात्री नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज एवढंच सांगतो : मित्रा, तो प्रशिक्षक झाला. तुझ्यासाठी ती जागा तयार झालेली नाही. ती तयार करून घ्यायची आहे, आणि ते काम तुझं एकट्याचं नाही, आमचंही आहे.

जय भीम!